नऊ शाळांची वही

माझी पहिली नेमणूक वाटूरच्या प्राथमिक शाळेत झाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नव्वद साल नुकतंच मागं पडलं होतं. शाळेपासून थोड्या अंतरावर, फाट्याजवळच्या मोकळ्या जागेत, उन्हाळा सरता सरता घिसाड्यांची पालं पडायची. पेरणीच्या आधी विळे, खुरपी, कुऱ्हाडी नीट करून घ्यायला शेतकऱ्यांची तिथं रीघ लागे. पोळा झाला की ही माणसं बैलगाडीत संसार भरून पुढच्या गावाला निघायची. वर्षभर असंच. चार बांबू, एक ताडपत्री, भाता आणि ऐरण; घर म्हणून एवढंच.

त्यातल्या एका पालातली मुलगी माझ्या वर्गात यायची. जूनमध्ये तिचं नाव पटावर चढायचं, पोळ्यानंतर ती दिसेनाशी व्हायची आणि गैरहजर म्हणून नाव कमी व्हायचं. पुढच्या जूनला पुन्हा पहिली. अशी तिनं पहिली तीनदा केली, आणि परीक्षा एकदाही दिली नाही.

चौथ्या जूनला ती दहा वर्षांची होती. माझ्याकडं पहिली आणि तिसरी एकाच खोलीत बसायची. मी फळ्यावर लिहीत होते आणि मागून कुणीतरी तिसरीचा धडा वाचत होतं, अडखळत, पण बरोबर. वळून पाहिलं तर ती. समोर बसलेल्या मुलीच्या हातातलं पुस्तक ती उलट्या बाजूनं वाचत होती!

मी खडू टाकला, तिचा हात धरला आणि तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

"सर, हिला ऐका."

सर शिस्तीचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र तिच्यापुढं सरकवलं. तिनं पावसाची बातमी वाचली, मग न सांगता खालची कापसाच्या भावाचीही वाचली. सरांनी चष्मा काढला.

"बसवा तिसरीत," ते म्हणाले. "पर पोळ्यानंतर काय करताल, बाई? परीक्षेला हजेरी लागती."

श्रावणभर मी तोच विचार करत होते. तिला ठेवून घ्यावं म्हटलं तर आई सोडणार नव्हती, आणि भाता ओढायला घरात दुसरं कुणी नव्हतं. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'सर्व शिक्षक बंधुभगिनींस नमस्कार. ही मुलगी आमच्या शाळेत तिसरीत शिकते. आई-वडिलांचं काम फिरतीचं आहे. आपल्या गावी मुक्काम असेल तितके दिवस तिला वर्गात बसू द्यावं, काय शिकवलं ते लिहून खाली सही करावी.' सरांनी त्यावर शाळेचा शिक्का मारला.

वही द्यायला मी पालावर गेले. तिच्या आईनं ती दोन्ही हातांनी घेतली.

"पावसात भिजल की ही, बाई."

"मग?" मी विचारलं.

"पिठाच्या डब्यात ठेवते. तो डबा म्या कवाच भिजू देत न्हाई."

गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली, आणि पुढं सात महिने मला काही कळलं नाही. कुठं असेल, कुणी बसू दिलं असेल का, की दारातूनच परत लावलं असेल? दिवाळी गेली, संक्रांत गेली. तोंडी परीक्षेचं वेळापत्रक लागलं, गुढीपाडवा झाला, तरी तिची काही खबर नाही; पालं तर उन्हाळा सरल्याशिवाय यायची नाहीत. लेखी परीक्षा सोमवारपासून होती. शुक्रवारी फाट्यावर चहा पिणाऱ्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, शहागडला पुलाच्या अलीकडं इथं येणारे घिसाडी उतरलेत.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी गाडीत बसले. दोन गाड्या बदलून पोचेपर्यंत दुपार कलली होती. पुलाच्या बाजूनं चालत निघाले, तर लांबूनच ऐरणीचा आवाज आला. भात्यावर तीच बसली होती. मला पाहिलं आणि भाता सोडून ती धावत सुटली.

"बाई! नऊ! नऊ शाळा झाल्या!"

बाप ओरडला, "अगं, जाळ इझल!" पण ती कुठली ऐकते. पालात शिरून तिनं डब्यातून वही काढली, फडक्यावर झटकली. पिठाचा ढग उडाला. मी तिथंच, मातीत बसून, पानं उलटू लागले. नऊ गावं, नऊ अक्षरं. कुणी निळ्या शाईनं, कुणी लाल. कुणी नुसती सही केलेली, कुणी दोन पानं भरून लिहिलेलं: 'भागाकारात चुकते, हातचा विसरते, कविता खड्या आवाजात म्हणते.' एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, 'आज गाडी निघाली. मुली रडल्या.' ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या सगळ्यांनी मिळून माझा वर्ग चालवला होता!

एक पान उर्दूत होतं. "तिथं जवळ उर्दू शाळाच व्हती," ती म्हणाली. "गुरुजी बोलले, बैठो. मंग मी गणिताला बसले. आकडे त्यायचे येगळे, पर बेरीज तीच हाय ना!"

परीक्षा परवा आहे, हे मी तिच्या आईला सांगितलं. बापानं मान हलवली. हातातलं काम टाकून आठ दिवस तरी निघणं शक्य नव्हतं. मग आई म्हणाली, "येवढ्या नऊ गावांत बसली. आता मागं काहून घ्यायची? पर एकटी न्हाई धाडायची. म्या बी येते. भाता तुमी बघा." बाप हसला आणि स्वतःच भात्याकडं सरकला.

रविवारी आम्ही तिघी वाटूरला पोचलो. फाट्यावरच्या शिंपीचाचांना मी उर्दू पान दाखवलं. त्यांनी मशीन थांबवलं, पान डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि मराठीत सांगितलं, "गुरुजी लिवतेत, पोरगी हिसाबात हुशार हाय, हिला बिलकुल थांबू देऊ नका." तिच्या आईनं त्यांना तेच पुन्हा वाचायला लावलं. रात्री तिची आई माझ्या खोलीत झोपेना. "भिंती अंगावर आल्यावानी वाटतंय," म्हणाली आणि अंगणात आडवी झाली. पोरगी मात्र माझ्याजवळ बसून हातच्याची गणितं करत राहिली.

सोमवारी सकाळी मी वही सरांपुढं ठेवली. ते एकेक पान वाचत गेले. सहाव्या पानावर थांबले आणि एकदम टेबलावर थाप मारली.

"अहो बाई, हे अक्षर! हा माझा सोबती आहे, आम्ही एका बाकावर बसून मास्तरकी शिकलो! अजून तसाच लांब वेलांट्या काढतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे कोणत्या नियमात बसतं मला ठाऊक न्हाई. वर कुणी विचारलं तर मी बघतो. बसवा तिला."

तिनं भाषेचा पेपर दिला, गणिताचा दिला, बाकीचेही दिले. आई रोज शाळेच्या पायरीवर बसून राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझी पोरगी आत हाय." एक मेला निकाल लागला. ती चौथीत गेल्याचं मी दोनदा वाचून दाखवलं.

चौथीही तिनं तशीच वही घेऊन केली. त्या वर्षी पालातली आणखी तीन मुलं वह्या घेऊन निघाली. पाचवीला तिला जालन्यात मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. दहावीला इंग्रजीत एकदा राहिली, ऑक्टोबरला सुटली. बारावीनंतर लग्न झालं. माझी बदली परतूरला झाली आणि पत्रं विरळ झाली.

मग एकदा, दिवाळीनंतर, शेजारच्या दुकानातून निरोप आला की माझा फोन आहे. धावत गेले. पलीकडून ओरडतच ती बोलत होती. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याच्या आवारात शाळा सुरू झाली होती आणि तिथं तिला शिकवायला घेतलं होतं.

"बाई, पह्यलाच दिवस! लई पोरं आली. पर खोप्यांत भिंतच न्हाई, फळा कशाला टांगू?"

"थांब, विचार करू दे—"

"ऱ्हाऊ द्या, बैलगाडी उभी केली अन् तिच्या जुवाला टांगला!" ती म्हणाली, आणि पोरांच्या गलक्यात फोन ठेवला.