‘मी’ म्हणायची शिकवणी

एका सोमवारी सकाळी आत्यांनी माझ्यासमोरची परात ओढून घेतली आणि म्हणाल्या, "तू बस. भाकरी मी थापते."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. शाळेला निघायच्या घाईत त्यांनी मला असं बसवून ठेवल्याचं आठवत नव्हतं. वर दुधाचा पेला हातात दिला. दुपारी डब्यात शेंगदाण्याचे लाडू निघाले. संध्याकाळी परतले तर नवरा जिन्यातच भेटला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मी तुला काही बोललोय का? आई माझ्याशी धड बोलत नाहीये."

मलाही काही उमगेना.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. खुणांची भाषा हातात बसलेली, त्यामुळे बँकेत, तहसील कचेरीत, कुणाच्या सोयरिकीच्या बैठकीत दुभाषी म्हणून जायची सवय होती. त्या वर्षी गावातल्या एका मानसोपचार डॉक्टरबाईंनी आमच्यासारख्यांसाठी दर शनिवारी वर्ग सुरू केला. त्यांच्याकडे बहिरे रुग्ण यायचे, पण बोलायचे ते सोबतचे नातेवाईक. "त्याला काय इचारताय, मी सांगतो की," म्हणून भाऊच सगळं सांगून मोकळा व्हायचा आणि ज्याचं दुखणं तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसायचा. हे डॉक्टरबाईंना सलत होतं.

शिकवायला पुण्याहून एक सर यायचे. जन्मापासून ऐकू न येणारे, भरघोस मिशांचे, समुपदेशक म्हणून काम करणारे. ते आमच्यापुढे रुग्ण होऊन बसत. घटकेत चिडलेला बाप, घटकेत जेवण सोडलेली मुलगी. मिशा असूनही ती मुलगी आम्हाला खरी वाटायची.

पहिल्याच दिवशी मी पुढे झाले. सरांनी भराभर खुणा केल्या: शेळी, पोलीस, छप्पर, माझा हात, पुन्हा शेळी. मी क्षणभर विचार केला आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "ते म्हणतात, छपरावर शेळी चढली होती, म्हणून त्यांनी पोलिसांना बोलावलं."

डॉक्टरबाई हसायला लागल्या. "गोष्ट छान जुळवलीत. पण त्यात त्यांचा आजार कुठं गेला?"

सरांच्या खुणा मुद्दामच विस्कटलेल्या होत्या. मन विस्कटलं की भाषाही विस्कटते, आणि डॉक्टरला तेच तर बघायचं असतं. मी मात्र सगळं इस्त्री करून दिलं होतं. सरांनी हातांनी सांगितलं, "जसं आलं तसं द्यायचं. अर्थ लागला नाही, तर लागला नाही म्हणायचं. आणि ‘ते म्हणतात’ हे बंद. बोलतोय तो मी. तेव्हा तूही ‘मी’ म्हण."

हे ‘मी’ प्रकरण अवघड निघालं. आपल्या भाषेत ‘मी’ म्हटलं की क्रियापदानं बाई की पुरुष ते सांगावंच लागतं. वर्गातल्या आम्ही बायका "मी घाबरलो", "मी पळून गेलो" म्हणताना सुरुवातीला तोंडावर पदर धरून हसायचो. टेंभुर्णीहून येणारा एक गडी "मी तेव्हा बाळंतीण होते" म्हणताना कानापर्यंत लाल झाला. हळूहळू हसू कमी झालं आणि शब्द अंगवळणी पडले.

सरावासाठी सर मोबाइलवर व्हिडिओ पाठवत. मी रात्रीचं आवरून झालं की आतल्या खोलीत दार लोटून बसायची आणि सरांच्या खुणा बघत मोठ्यानं बोलायची.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या काही येत नव्हतं.

मंगळवारी नवरा कामावर गेल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "पोरी, खरं सांग. माझ्या पोरानं तरास दिला का तुला?"

"नाही हो, आत्या. असं का विचारताय?"

"दार लावून बोलतीस ते आयकलंय मी. कशातच मन लागत न्हाय, सकाळी उटूसं वाटत न्हाय, कुणाला माझी गरज न्हाय." त्यांचे डोळे भरून आले. "आमाला तुजी लई गरज हाय की गं."

मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांचे हात धरले, सगळा खुलासा केला आणि मोबाइलवर सर दाखवले. आत्यांनी पदरानं डोळे पुसत पुसत अख्खा व्हिडिओ पाहिला.

"ह्यो मानूस खराच आजारी हाय?"

"नाही. नाटक करतात, आम्हाला शिकवायला."

"बेस करतोय की!" म्हणाल्या, आणि मग मोबाइलकडंच बघत, "मला व्हायचं आसं. तुजा नवरा झाला तवा. बाळ रडायचं अन् मी नुसती बघत बसायची. अंगातनं मीच उटून गेल्यावानी."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी इचारलंच न्हाय."

मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. त्या दिवशी मी शाळेला सुट्टी टाकली.

हे डॉक्टरबाईंच्या कानावर घालू का, असं विचारलं तर आत्या म्हणाल्या, "तू कशाला? मीच येते."

आणि खरंच आल्या. इरकली लुगडं नेसून, केसाला तेल लावून. त्या शनिवारी सरांनी डाव उलटा मांडला. ते स्वतः समुपदेशकाच्या खुर्चीत बसले, आत्या समोर, आणि सरांना दोघी एका नजरेत दिसाव्यात म्हणून आत्यांच्या खांद्यामागं मी. आत्यांचं सांगोल्याकडचं बोलणं खुणांत आणायचं होतं. आत्या म्हणाल्या, "डोक्यात भुंगा शिरल्यावानी व्हायचं." घाईत मी खरोखरच किडा शिरल्याची खूण केली. सर दचकून पुढे झुकले आणि त्यांनी विचारलं, "कोणत्या कानातून शिरला?" मी ते तसंच बोलले. आत्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

मग त्या माझ्याकडं वळून सांगायला लागल्या, तेव्हा मी त्यांना सरांकडं बघायला सांगितलं. सरांनी खुणा केल्या. त्यांचा आवाज होऊन मी म्हणाले, "मी तुमच्याकडं बघतोय. सावकाश सांगा."

आत्यांनी सांगितलं. माहेरी गेल्यावर बहीण रोज उशाशी निजायची, पहाटे मेंढरांमागं सोबत न्यायची, वायफळ गप्पा मारायची, तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला. सरांची नजर त्यांच्यावरून हलली नाही. मला वाटलं होतं, खुणा करताना माझे हात अडखळतील. अडखळले नाहीत. सगळं बोलणं माझ्यातून इकडून तिकडं जात होतं आणि मला आतून लखलखीत वाटत होतं.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाल्या, "हलकं वाटतंय. आन् तू ‘बघतोय’ म्हनालीस तवा मला तू दिसलीच न्हाईस बग. त्योच बोलतोय आसं वाटलं." तेवढं प्रशस्तिपत्रक मला पुरलं.

पुढे मी खऱ्या रुग्णासोबत पहिल्यांदा बसले. त्या खोलीत काय बोलणं झालं ते सांगायचं नसतं, आणि इथंही सांगणार नाही. घरी आले तेव्हा आत्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"बाकी सांगायचं नसतंय व्हय?"

"नसतंय."

"मंग नगो," म्हणाल्या आणि गच्चीवर वाळवण गोळा करायला मला सोबत घेऊन गेल्या. उन्हं उतरली होती. पापड उचलता उचलता मी उगाचच गुणगुणत होते, आणि आत्या ऐकत होत्या.

वर्ग संपला त्या दिवशी आत्यांनी सरांना जेवायला बोलावलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याचं कालवण. दोघांचं काय बोलणं चाललं होतं कोण जाणे, माझी गरज पडत नव्हती. सरांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. पुरे, ही खूण कुणालाही कळावी अशी होती.

"आवो, मला कुटं तुमची भाषा येती?" असं म्हणून आत्यांनी त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.