आतून न उघडणारी मोटार

गुलाबबाईंविषयी लिहायचे तर आधी त्यांच्या धाकट्या भावाविषयी लिहावे लागते, आणि ते काम मला अप्रिय आहे. पन्नालाल शेठ हे एरंडोलचे कापसाचे व्यापारी. आईच्या पश्चात त्यांना वाढवले ते याच बहिणीने; बालवैधव्य घेऊन ती माहेरी परतली, तेव्हा तिचे स्वतःचे खेळण्याचे वय सरले नव्हते.

१९६७ साली शेठच्या अंगणात दोन मोटारी होत्या: जुनी फियाट, जिला लोक डुक्कर फियाट म्हणत, आणि नवी अँबॅसडर. ओसरीवर मंडळी जमली की शेठ शास्त्रार्थाच्या थाटात दोहोंच्या सुरक्षिततेची तुलना मांडत. फियाटची पुढची दारे उलटी उघडणारी. धावत्या गाडीत एखादे सुटले तर वारा ते उपटून नेईल. अँबॅसडरचा पत्रा जाड, बांधा रुंद.

"म्हणूनच बायकांना अँबॅसडर दिली," ते म्हणत. मंडळी माना डोलावीत.

त्या गाडीचे त्यांनी काय केले होते, ते सांगतो. एकदा भरबाजारात सून सूरजबाईने स्वतः दार उघडून पाऊल बाहेर टाकले, आणि तिचा पदर ढळला. एवढ्या अपराधासाठी मागच्या दोन्ही दारांच्या आतल्या कड्या काढून बाहेरून कुलपे बसवण्यात आली. काचा दोन बोटांची फट ठेवून पक्क्या केल्या. पुढच्या बाकामागे टपापर्यंत जाळीची लाकडी चौकट ठोकून तिच्यावर जाड पडदा लावला. "दार उघडेल ते बाहेरून. याला म्हणतात सेफ्टी!" हे शब्द उतरवताना आजही मला शिसारी येते. ज्याला जपायचे त्यालाच कोंडायचे, आणि वर त्या कोंडवाड्याची प्रौढी मिरवायची!

वैशाखात भडगावला लग्न निघाले. सूरजबाईला सातवा महिना होता. तिला घेऊन जायचे गुलाबबाईंकडे आले, आणि त्या अंगणातच अडून बसल्या.

"पन्ना, पेट्रोलची टाकी मागे, बायकाही मागे. गाडी पेटली तर?"

"सुकदेव आहे ना, जीजी. उतरून दार उघडेल."

"आणि सुकदेवच आधी गेला तर?"

ड्रायव्हर सुकदेव काच पुसत होता. "जीजी, मन्हं नाव काबर लेतस?"

गुलाबबाई हसल्या नाहीत. "बरं, ती मागची गादी टोचते म्हणे सूनबाईला. बघ जरा बसून."

शेठ आत बसले. बाईंनी दार लोटले, दोन्हीकडची कुलपे फिरवली आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला.

"सुकदेव! दार उघड!"

"शेठ, चावी जीजीपाशी शे."

"जीजी, जीव गुदमरतोय!"

"गुदमरेल कसा? पत्रा जाड आहे ना!"

माध्यान्हीचे ऊन टपावर तापत होते. शेठच्या मुठी काचेवर आपटत राहिल्या. शेवटी रडवेला सूर निघाला, तेव्हा बाईंनी दार उघडले. घामाने निथळणाऱ्या भावाला पदराने वारा घालत त्यांनी विचारले, "कळलं?"

"कळलं, जीजी."

कळले होते खरे. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला. अँबॅसडरला कड्या परत बसल्या, चौकट उखडली गेली, आणि ती पुरुषांची गाडी ठरली. तीच चौकट कापून फियाटमध्ये ठोकली; फियाटच्या मागच्या दारांच्या कड्या निघाल्या. सायंकाळी ओसरीवर तुलना नव्याने मांडली गेली: फियाट हलकी, हळू चालते, तेव्हा बायकांना तीच सुरक्षित. मंडळींनी पुन्हा माना डोलावल्या. मनुष्याला भय कळते आणि त्यातून करुणा मात्र उपजत नाही, याहून ओंगळ दृश्य मी पाहिलेले नाही.

गुलाबबाईंनी भांडण केले नाही. दुसऱ्या सकाळी सूरजबाईचा हात धरून त्या एस.टी. स्टँडवर गेल्या. शेठ मागून धावत आले. "जीजी, घराण्याची अब्रू एस.टी.त बसवणार?"

"अब्रू फियाटमध्ये बसव, पन्ना. मी सूनबाईला नेते."

भडगावची गाडी लागलेलीच होती. बाई वर चढल्या आणि मागच्या बाजूच्या एका दारापाशी थबकल्या. त्यावर लाल अक्षरे होती. बाईंना वाचता येत नसे.

"कंडक्टरभाऊ, इथे काय लिहिलंय?"

"संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग, अक्का."

"आतून उघडतो?"

"आतूनच उघडतो."

"मग सूनबाई, इथेच बस," गुलाबबाई म्हणाल्या, आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली.