बाबा बर्फाखाली नव्हते

२००५ साली मी कोलोरॅडोत एम.एस. करत होतो. त्या एप्रिलात बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. माझा नागपूरचा रूममेट तेव्हा डोंगरात स्कीइंगला जाऊ लागला होता. त्याच्या आग्रहाखातर मी ॲव्हलांचपासून, म्हणजे डोंगरावरून कोसळणाऱ्या बर्फापासून, जीव कसा वाचवायचा याच्या एक दिवसाच्या क्लासला नाव घातलं. बाबांना घरी एकटं कुठे ठेवायचं, म्हणून तेही आले.

शिकवणाऱ्या बाई उंच, उन्हाने रापलेल्या. त्यांनी कमरेइतका खड्डा खणून बर्फाचे थर दाखवले. सकाळी हा बर्फ दगडासारखा असतो. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, थर सुटतात आणि अख्खा उतार खाली येतो. म्हणून बाराच्या आत परतायचं. बाबा खड्ड्यात वाकून म्हणाले, "धरणाच्या उताराला करतात तसं दगडांचं पिचिंगच केलेलं नाही. टिकेल कसा?"

मी त्याचं भाषांतर केलं नाही.

मग सराव. प्रत्येकाच्या गळ्यात एक यंत्र होतं. ते सतत सिग्नल पाठवतं. कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्यावर टाकायचं. बाईंनी एक यंत्र पिशवीत घालून झाडांपलीकडे पुरलं होतं. सगळ्यांनी बटण फिरवलं. बाबांचं यंत्र स्वेटर, जाकीट आणि मफलरच्या खाली होतं, ते तसंच सिग्नल पाठवत राहिलं.

यंत्रांवरचे अंतराचे आकडे घटू लागले. चाळीस, तीस, वीस. फावडी आणि लांब सळया घेऊन, यंत्रावर डोळे लावून आम्ही सात जण निघालो. समोर बाबा उभे होते. आपण वाटेत आलो असं समजून ते बाजूला झाले. आकडे वाढले. आम्ही वळलो. ते पुन्हा सरकले, या वेळी "सॉरी, सॉरी" म्हणत.

"अरे बाप्पा, गाडलेला माणूस चालतोय यार!" रूममेट ओरडला.

बाईही लांबून काहीतरी ओरडत होत्या. लवकर हटा म्हणतायत असं वाटून बाबा घाईघाईने एका झाडापाशी गेले, आणि तिथल्या भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत आत.

"बाबा, हलू नका!"

"हलता येतच नाहीये," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं चालू द्या."

ती जागा सुरक्षित होती, तरी वरचा उतार उन्हात चमकायला लागला होता. आम्ही खणायला लागलो. गुडघ्यापर्यंत मोकळे झाल्यावर बाबाच सूचना देऊ लागले: फावडं आडवं धरा, बर्फ उताराच्या बाजूला टाका. बाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. एक बूट आतच राहिला होता. तो काढण्यात आणखी पाव तास गेला. बाई सारख्या घड्याळ बघत होत्या. शेवटी पुरलेली पिशवी त्या एकट्याच जाऊन उकरून घेऊन आल्या.

संध्याकाळी बाबांनी पुण्याला फोन लावला. "सात जणांनी खणून काढलं मला," ते अभिमानाने म्हणाले.

"पण तुम्ही हरवलात कसे?" आईने विचारलं.

"हरवलो कुठे? मी तर सगळा वेळ त्यांच्या समोरच होतो."