ब्लूमफाँटेनला गेलेले गावकाका

गावकाकांना आडनाव सांगितलं की ते तुमचं गाव सांगत. नुसतं गाव नव्हे, गावाची नदी, ग्रामदैवत आणि जत्रेतली भांडणंसुद्धा. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमाचा हा हुकमी खेळ होता. "आडनाव सांगा, गाव सांगतो," असं म्हणत काका खुर्ची पुढे ओढून बसायचे. नवा माणूस चकित व्हायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्यांचं खरं नाव हॉस्पिटलातल्या पाटीवर होतं, आमच्यासाठी ते गावकाकाच.

मी या देशात नोकरीला आलो तेव्हा हीथ्रोवर घ्यायला तेच उभे होते. ओळख ना पाळख, पुण्याहून कोणीतरी फोन केला एवढंच. माझा नवा कोट बघून म्हणाले, "अरे, हा कोट नाही, शर्टाचा थोरला भाऊ आहे." आणि अंगातला स्वतःचा कोट काढून मला घातला. माझ्यासारखे कितीतरी ज्युनियर डॉक्टर त्यांच्या वरच्या खोलीत राहून, त्यांच्या हातचं पिठलं खाऊन पुढे मोठे झाले. काकू लवकर गेल्या. त्यानंतर त्यांचा जीव दोनच गोष्टींत होता, मुलगी मीरा आणि फुटबॉल. मॅचला जाताना कोटाच्या खिशात भडंगाची पुडी असे आणि शेजारच्या अनोळखी इंग्रजालाही त्यातलं मूठभर मिळे. रेफरीला ते अस्सल मराठीत शिव्या घालत. "मातृभाषेत घालाव्यात, कोणी बाहेर काढत नाही," असं त्यांचं म्हणणं.

आडनावाच्या खेळाला एक दुसरी बाजू होती. गावावरून काका कुळावर येत आणि कुळावरून पुढे. जातीचं नाव त्यांनी तोंडातून कधी काढलं नाही. ओळख पटली की कोणाला "म्हणजे आपल्यातलेच!" मिळे, कोणाला नुसतं "बरं बरं." दोन्ही वेळा चेहरा हसराच. विदर्भातून आलेल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीला असंच "बरं बरं" मिळालं. ती पुढच्या दिवाळीला आली नाही. ती का आली नाही हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं आणि आम्ही फराळाचं बोलत राहिलो.

मग मीराने लग्नासाठी देवनचं नाव घरात काढलं. देवन ईलिंगमध्ये डेंटिस्ट होता आणि त्याची आई दक्षिण आफ्रिकेत, ब्लूमफाँटेनला राहायची. काकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याच वर्षी तिकडे फुटबॉलचा वर्ल्ड कप होता आणि इंग्लंडची जर्मनीशी गाठ नेमकी ब्लूमफाँटेनलाच पडली. देवनने तिकिटं मिळवली. "चला, मॅचही होईल आणि घरही बघून होईल," काका म्हणाले. मीराने मला बाजूला घेतलं. "दादा, तू पण ये ना, प्लीज. बाबा काहीतरी बोलतील आणि सगळं स्पॉइल होईल." मुलीचं लग्न त्या एका भेटीवर टांगलेलं होतं.

ब्लूमफाँटेनला जून म्हणजे कडक थंडी आणि लख्ख ऊन. रुंद, शांत रस्ते, खिडक्याखिडक्यांत झेंडे. आमच्या टॅक्सीवाल्यालाच आश्चर्य वाटत होतं. "लोक केपटाउनला जातात. तुम्ही इथे कसे?" त्याने विचारलं. काकांनी त्यालाही भडंग दिलं आणि मग अर्थातच त्याचं गाव विचारलं.

देवनच्या आई, मिसेस मुनसामी, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मॅच दुपारची, म्हणून त्यांनी आधी जेवायला बोलावलं होतं. भात, बीन्सची आमटी, कैरीचं लोणचं. काका पोटभर जेवत होते, तारीफ करत होते. बोलणं इंग्रजीतच चाललं होतं. मला हायसं वाटू लागलं, आणि तेवढ्यात काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"मुनसामी म्हणजे साउथचे ना?"

"माझ्या नवऱ्याचे पणजोबा तिकडून आले, उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून. इथल्या कारकुनाने त्यांचं नावच आडनाव म्हणून लिहून घेतलं."

"ते झालं हो. पण त्याआधी? म्हणजे तिकडे तुम्ही नेमके कोण?"

मिसेस मुनसामींनी वाढायचा डाव खाली ठेवला.

"मी लहान असताना या प्रांतात इंडियन माणसाला राहायची बंदी होती," त्या म्हणाल्या. "इथून जायचं असलं तर माझे वडील गाडी थांबवत नसत. चौकीवर मात्र थांबावंच लागे. शिपाई खिडकीत वाकून पहिलं हेच विचारायचा, तुम्ही कोण? त्याला उत्तर द्यावं लागत होतं, डॉक्टर. तुम्हाला मी देणार नाही."

"बाबा, हा प्रश्न नाही विचारायचा," मीरा मराठीत म्हणाली आणि रडायलाच लागली. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

मॅचला आम्ही गेलो. इंग्लंडचा एक गोल रेषेच्या चांगला आत पडला आणि रेफरीने दिलाच नाही. सगळं स्टेडियम उठून ओरडत होतं. अन्याय, अन्याय! त्या गर्दीत एकटे काका बसून होते, हात मांडीवर, खिशातली पुडी तशीच. शिवी नाही, शब्द नाही. इंग्लंडचा धुव्वा उडाला, तेही त्यांना कळलं असेल की नाही कोण जाणे.

परतल्यावर ते थेट मिसेस मुनसामींसमोर जाऊन उभे राहिले. "मला माझी लाज वाटते," एवढंच म्हणाले.

"वाटायलाच हवी," त्या म्हणाल्या. "आता बसा, चहा निवतोय."

लग्न झालं. मिसेस मुनसामी आल्या, मीराला त्यांनी लेकीसारखं जवळ घेतलं. त्या वर्षीच्या दिवाळीला मंडळात नेहमीसारखा गजर झाला, "गावकाका, खेळ!" काका उठले आणि खेळाऐवजी त्यांनी ब्लूमफाँटेनची सगळी हकिकत सांगितली, स्वतःला जराही न वाचवता. लोक सुरुवातीला हसले, मग गप्प झाले. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात मागून एक वहिनी अगदी निरागसपणे म्हणाल्या, "पण काका, शेवटी निघाले कोण हो ते?"

"माझे व्याही," काका म्हणाले आणि खाली बसले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. लोक त्यांचा कोट आठवतात, पिठलं आठवतात, मीही आठवतो. पण त्या दिवाळीला मी त्यांना गाडीतून घरी सोडलं, तेव्हाचं त्यांचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. त्या वहिनींवर मी चिडलो होतो, काहीबाही बोलत होतो. काकांनी मला थांबवलं.

"त्यांना कशाला बोलतोस? त्यांना हे विचारायला मीच शिकवलं."

त्यांचं समाधान होईल असं काहीतरी म्हणावं, असं मला फार वाटलं. पण ते खरं बोलत होते, म्हणून मी गाडी चालवत राहिलो.