नकाशाकाका आणि खोल रॅक

त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल तेवढंच. गोदामात सगळे त्यांना नकाशाकाका म्हणत, आणि या नावानं हाक मारली की मान वळवायची त्यांनाही सवय झाली होती. साबण, फिनेल, टूथपेस्ट, डायपर, बाळाची दूधपावडर, असला घरोघरी लागणारा माल तिथं यायचा आणि दुकानांकडे जायचा. मधल्या काळात तो कुठं बसलाय, हे एका माणसाच्या डोक्यात असायचं. खोक्यांच्या थप्प्या जमिनीवरच, एकीला चिकटून एक, खालची खोकी ओझ्यानं पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. त्यावर ना पाटी, ना खूण. कशाला हवी? काका होते ना.

हे ऐकायला छान वाटतं, पण ज्याच्या डोक्यात गोदाम असतं त्याला रजा नसते हो. मुलीच्या लग्नात फोटो काढताना फोन आला, तेव्हा काकांनी एक हात जावयाच्या खांद्यावर ठेवून दुसऱ्या हातातल्या फोनवर फिनेलची थप्पी सांगितली होती. फोटोत ते हसताहेत असं वाटतं. खरं तर ते "डावीकडे, डावीकडे" म्हणत होते. दवाखान्यात सलाइन लावलेली असताना सांगितलं, सासऱ्यांना पोचवून परत येताना सांगितलं. लोक कौतुक करायचे आणि काका त्या कौतुकावर वर्षानुवर्षं चालत राहिले. आता पाय दुखत होते आणि डोकंही दमलं होतं.

अशात मालकांनी रॅक घ्यायचं ठरवलं. थप्प्यांत माल फार चेपला जातो, म्हणून आता लोखंडी चौकट उभी करायची आणि लाकडी पॅलेटांवर, म्हणजे फळ्यांच्या चौरंगांवर, माल लादून फोर्कलिफ्टनं वर चढवायचा. रॅकवाला आला, मोजमाप घेतलं, आणि दोन प्रकार सांगितले. एक खोल रॅक. लांबलचक बोगदे, त्यात पॅलेट एकामागे एक ढकलत जायचं. माल भरपूर मावतो, पण आधी गेलेलं आत अडकतं आणि मागून आलेलं पुढं राहतं, त्यामुळे कुठल्या बोगद्यात काय नि कधीचं हे कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. दुसरी उघडी रॅक. तिच्यात प्रत्येक पॅलेटला स्वतःचा कप्पा, कप्प्याला नंबर, कुठलंही पॅलेट केव्हाही काढा. फक्त मधे वाटा सोडाव्या लागतात, म्हणून माल कमी बसतो.

"खोल रॅक मी सहसा सुचवत नाही," रॅकवाला म्हणाला, "पण तुमच्याकडे काका आहेत."

"तेच तर," मालक खूश होऊन म्हणाले. "काका, तुम्ही बोट दाखवाल ती घेऊ. म्हणजे खोलच घेऊ, पण तुम्ही बोट दाखवा."

काकांनी बोट काही उचललं नाही. कारण ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, पण काही महिन्यांपासून त्यांच्या डोक्यातलं गोदाम पुसट होत चाललं होतं. कालचा ट्रक कुठं उतरवला ते आठवायचं नाही. दिवे तपासायच्या निमित्तानं ते थप्प्यांमधून चक्कर मारायचे आणि माल नव्यानं पाहून घ्यायचे. दुपारपर्यंत परत सगळी सरमिसळ. उघड्या रॅकेत हे खपून गेलं असतं. खोल रॅकेत मात्र जुनी दूधपावडर बोगद्याच्या तळाशी तारीख उलटेपर्यंत बसली असती, आणि ती एखाद्या बाळाच्या बाटलीत गेली असती. पण उघडी घ्या म्हणायचं तर कारण काय सांगायचं? नकाशाला रस्ता आठवत नाही, असं?

म्हणून काकांनी वेळ मारून न्यायला सुरुवात केली. म्हणाले, आपली फरशी कच्ची आहे, वजन पेलणार नाही. रॅकवाल्यानं फरशी आधीच तपासली होती. म्हणाले, फोर्कलिफ्टचा धक्का लागला तर खांब वाकतील. रॅकवाल्यानं खांबांना लावायच्या लोखंडी टोप्या दाखवल्या. मग म्हणाले, आत अंधार पडेल. दिवे लावता येतात, त्यानं शांतपणे सांगितलं. बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं. काकांना मात्र त्याचा इतका राग आला की विचारू नका.

"एक करून बघू," रॅकवाला म्हणाला. "काका, समजा मला दूधपावडरचा सगळ्यात जुना माल हवाय. आत्ता कुठं मिळेल?"

मालक कौतुकानं बघू लागले, काकांनी डोळे मिटले, आणि समोर काहीच आलं नाही. 

तेवढ्यात फोर्कलिफ्टवाला बोलला. तो गाडी इतकी सांभाळून चालवायचा की सगळे त्याला ब्रेक म्हणत. गाडीवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "ती काय, मागच्या भिंतीला, शटरच्या बाजूला. हो ना काका?"

काकांनी मान हलवली. रॅकवाल्यानं वा म्हटलं, मालक हसले, आणि दोघं मागच्या भिंतीकडे बघायला निघाले. काका जागेवरच उभे राहिले. आपण मान हलवली खरी, पण उत्तर कुणी दिलं?

आणि मग त्यांना एकेक ऐकू यायला लागलं. काल हमाल आला होता, "काका, शाम्पू खांबाशेजारीच ना?" परवा पॅकिंगवाली, "काका, रुमाल वरच्या बाजूलाच ठेवलेत ना तुम्ही?" अमुक माल कुठंय, असं सरळ त्यांना कितीतरी दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं. सगळे येऊन सांगून जात होते, आणि ते हो म्हणत होते, वर स्वतःवर खूशही होत होते. त्यांना भयंकर लाज वाटली.

ते फोर्कलिफ्टजवळ गेले. "कधीपासून चाललंय हे?"

"कसलं काय?" ब्रेक म्हणाला. मग काकांचा चेहरा बघून त्यानं गाडी बंद केली. "तुमच्या सांगण्यावरून डायपरचा ट्रक चुकीच्या दुकानाला गेला ना, तेव्हापासून. मालकांना कळलेलं नाही. कळणारही नाही."

"आणि मला खुळ्यासारखं हो हो करत ठेवलंत."

"खुळ्यासारखं कशाला? तुम्ही होतात म्हणून आम्ही इतकी वर्षं डोक्याला ताप दिला नाही. आता थोडा देतो." त्यानं हातमोजे काढले. "काका, खोल घ्यायची तर घ्या बिनधास्त. आम्ही सांभाळून घेऊ. तुमचं नाव खाली पडू देणार नाही."

काकांना त्याला शिवी द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. पण दोन्हीचं त्राण नव्हतं. एवढी माणसं दिवसभर राबून वर त्यांचं नावही उचलून धरत होती. एकट्यानं वाहायचं ते ओझं आता सगळ्यांच्या डोक्यावर गेलं होतं, आणि त्यात एखाद्या दिवशी एखाद्याचं चुकणारच होतं.

ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, उघडी घ्या."

"अहो, पण माल कमी बसेल. अन् तुम्ही असताना..."

"खोल रॅकला डोकं लागतं. माझं आता भरवशाचं राहिलं नाही. मघाशी मला काहीच आठवलं नव्हतं, ब्रेकनं सांगितलं."

मालक काहीतरी गमतीत बोलायला गेले, पण काका हसत नाहीत हे पाहून थांबले. त्यांनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे, उघडी घेऊ. डॉक्टरकडे मी येतो तुमच्यासोबत. आणि हे बाहेर कुणाला सांगायची गरज नाही."

"बाहेर सगळ्यांना माहीत आहे, साहेब," काका म्हणाले. "तुम्हीच राहिला होतात."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ओट्याजवळच्या स्टुलावर बसून, न थांबता, रॅक, बोगदे, दूधपावडर, ब्रेक, मालक. ती भांडी पुसत ऐकत होती. मधे एकदाही तिनं "काय सांगता" म्हटलं नाही. सांगून झाल्यावर काकांना हलकं वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. त्यांनी फळीवरची रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी घेतली आणि पाण्यासाठी पेला पुढं केला.

"अहो, गोळी मघाशीच घेतलीत ना, आल्या आल्या?" ती सहज म्हणाली.

काकांचा हात तसाच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर भांड्यांकडे वळवली, आणि ब्रेकसारखीच तीही पकडली गेल्याचं त्यांना दिसलं. हिलाही. हिला तर किती दिवसांपासून, देव जाणे. घरातही ते नुसतं हो म्हणत होते.

"यापुढे विचारू नकोस गं," ते म्हणाले. "मला सरळ सांगत जा."

तिनं फडकं बाजूला ठेवलं. त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग म्हणाली,

"घेतलीत. मी समोर उभी होते. ठेवा ती डबी."

त्यांनी ठेवली.