नांदतं कुरूप

अण्णांना कुणी विचारलं, "पाय काय म्हणतोय?" की ते गल्ल्यामागं बसल्या बसल्या उजवा पाय डाव्या मांडीवर घ्यायचे, करंगळीच्या मुळाशी अंगठ्यानं दाबायचे, तोंड वाकडं करायचे आणि सांगायचे, "नांदतंय."

मग त्याच अंगठ्यानं खिळे तोलून द्यायचे. गिऱ्हाइकानं खिळे तोंडात धरले तर काय, हा विचार मला नेहमी यायचा, कारण सुतार लोकांना ती सवय असते. पण मी बोलायचो नाही. शेजारधर्म असतो.

आष्ट्यात आमची दुकानं लागून होती. त्यांचं लोखंडी सामानाचं, माझं शिलाईचं. मध्ये एक भिंत, आणि ती इतकी पातळ की त्यांनी कुरूप दाबलं की मला इकडं टीप मारताना कळायचं. अण्णा दिसायला देखणे. गोरा रंग, सरळ नाक, डोक्यावर कडक टोपी. एवढ्या देखण्या माणसाच्या पायात कुरूप निघावं, यावर गल्लीतल्या प्रत्येकानं एकदा तरी विनोद करून घेतला होता. अण्णाही हसायचे, पण बसूनच.

ज्यांना कुरूप झालेलं नाही त्यांना ते सांगून समजत नाही. वरून बघाल तर वाटाण्याएवढी पिवळट, टणक जागा. पाऊल टाकलं की आत खडा रुतल्यासारखी कळ मस्तकात जाते. अण्णा चालताना उजव्या पायाची टाच आधी टेकवायचे, मग पाऊल बाहेरून आत वळवायचे आणि मग पुढचा विचार करायचे. त्यांच्याबरोबर चहाला जायचं तर चहा निवायचा.

डॉक्टरकडं जायला ते तयार नव्हते. "दुकानात एवढं सामान हाय," म्हणायचे, "आन् एका वाटाण्यासाठी सांगलीला जाऊ व्हय?" हे ते खरोखर मनापासून म्हणत होते. दुकानातल्या सामानावर त्यांची श्रद्धा होती. पहिल्यांदा त्यांनी पॉलिश पेपर घेतला, ज्यानं रंगारी दारं घासतात तो. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की घासत बसायचे. एकदा एक रंगारी आला आणि जुन्या दारासाठी कुठला नंबर चालेल म्हणून विचारू लागला. अण्णांनी कागद काढून दिला आणि सांगितलं, "ह्यो न्या. मी सोता वापरलाय."

"कुठल्या दाराला?" रंगाऱ्यानं विचारलं.

अण्णांनी पाय वर घेऊन दाखवला. रंगाऱ्यानं दुसरा नंबर घेतला.

पॉलिश पेपरनं जमलं नाही तेव्हा बारीक कानस झाली. कानशीनंतर पाइप जोडायचं सोल्यूशन लावून पाहिलं. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता, त्यात एक माणूस कुठलंसं पांढरं औषध लावत होता आणि अण्णांना ते तसलंच दिसलं. त्या दिवशी त्यांचा पाय मोज्याला चिकटला आणि मोजा मी कात्रीनं कापून काढला. माझी कापडाची कात्री. तिला मी कागदसुद्धा लावत नाही.

मग लसणाचं निघालं. लसूण ठेचून बांधला की कुरूप मुळासकट निघतं, असं बाजारात चार लोकांनी सांगितलं. आता अण्णांचं घर पडलं जैनाचं, आणि त्यातही त्यांची बायको, आमच्या वैनी, नेमाच्या कडक. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण सोडाच, बटाटासुद्धा उंबऱ्याच्या आत आला नव्हता. आमच्याकडं लसणाशिवाय फोडणीच पडत नाही. तेव्हा अण्णा एका दुपारी मागच्या दारानं आमच्या घरी आले आणि माझ्या बायकोला हळू आवाजात म्हणाले, "भाभी, जरा लसणाच्या दोन पाकळ्या मिळतील का?"

दारूची बाटली मागतानाही माणूस इतका दबकत नसेल. माझी बायको तर घाबरलीच. तिला वाटलं, म्हातारपणी यांचा नेम सुटला. ती म्हणाली, वैनींना कळलं तर त्या माझ्याशी बोलणं टाकतील, मी देणार नाही.

"खायाला न्हवं वं, पायाला," अण्णा म्हणाले. मग आपल्याच मनाला समजवावं तसे म्हणाले, "नेम जिभेचा असतोय. पायाला कुठं चव कळतीया?"

आमच्या खलबत्त्यात लसूण ठेचला, माझ्याकडची अस्तराची पट्टी घेऊन बांधला, आणि अण्णा वर मोजा आणि रोजचा कापडी बूट चढवून दुकानात जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत गल्लीत असा वास सुटला की दोघांनी मला विचारलं, आज जेवायला काय बेत. रात्री जेवताना वैनींनी विचारलं, वास कुठनं येतोय? अण्णांनी आमच्या घराकडं बोट दाखवलं. असं सात-आठ दिवस चाललं. माझ्या बायकोनं निमूटपणे आळ घेतला.

एके सकाळी वैनी आमच्या दारात आल्या. हातात एक जुना पंचा. तो बायकोकडं देत म्हणाल्या, "ह्यांना सांगा, तुमच्यातनंच पाय धुऊन, पुसून येत जावा. आन् त्या पायानं देवाच्या खोलीकडं जाऊ नका म्हणावं. मी काय बोलत न्हाई, पर मला नाक हाय."

नवऱ्याला त्या शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. माझ्या बायकोनंही वैनींचं नाव न घेताच त्यांना निरोप दिला, आणि ते बिचारे बरेच दिवस चोरून पाय धूत राहिले. लसणानं कुरूप तसंच राहिलं, भोवतालची कातडी तेवढी भाजली.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून कुरपाच्या पट्ट्या आणल्या. मधोमध औषधाचा ठिपका असतो, कुरपावर बसवायचा. त्यावर काय लिहिलंय ते अण्णांनी वाचलं नाही. एकीनं काम होत नाही म्हणून दुसरी लावली, ती काढायचं विसरले, तिच्यावरच तिसरी लावली. आणि मग एक दिवस ते माझ्या दुकानात ताड ताड चालत आले. माझा हात मशीनवरच थांबला.

"गेलं माहेराला," ते म्हणाले. "दुखायचंच बंद झालं, मास्तर. दाबलं तरी कळत न्हाई."

त्यांनी मला चहा पाजला. चहाच्या टपरीपर्यंत माझ्यापुढं चालले. मला बरं वाटलं. परत येऊन ते माझ्या दुकानात उभे होते, नव्या सदऱ्याच्या मापाचं बोलत होते, आणि माझी नजर खाली गेली. शहाबादी फरशीवर दारापासून त्यांच्या पायापर्यंत ओले ठिपके होते. प्रत्येक पावलागणिक एक. पाऊस नव्हता, नळ नव्हता. त्यांच्या बुटाच्या कापडातून ते झिरपत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

मी त्यांना मशीनसमोरच्या स्टुलावर बसवून बूट काढायला लावला. आतला मोजा बघितला आणि दुकान उघडंच टाकून गाडी काढली. सांगलीपर्यंत ते मागं बसून एकच सांगत होते, दुखत नाही तर जायचं कशाला.

डॉक्टरांनी पट्ट्या भिजवून सोडवल्या. खाली कातडी पांढरीफटक, आणि मधे बोटाचं टोक बुडेल एवढी जखम. डॉक्टरांनी विचारलं, "साखर आहे का?"

"घरात हाय," अण्णा म्हणाले. "दुकानात ठेवत न्हाई, मुंग्या येत्यात."

डॉक्टर हसले नाहीत. बोट टोचून रक्त बघितलं आणि आकडा अण्णांच्या पुढं धरला. अण्णांना तो आकडा कळला नाही, पण डॉक्टरांचं तोंड कळलं. डॉक्टर शांतपणे बोलत राहिले. साखर वाढली की पायाची जाणीव जाते, म्हणून दुखणं थांबलंय. साखर नसलेल्या माणसानं घरी फार तर कोमट पाण्यात पाय ठेवावा, टाच घासायच्या वजरीनं हलकं घासावं, खोबरेल लावावं आणि पाय दाबणारं पायताण सोडावं. साखरवाल्यानं घरी हात लावायचाच नाही, ना ब्लेड, ना पट्टी, ना लसूण. लसणाचं त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. ते त्यांना वासावरून कळलं की अनुभवावरून, मला माहीत नाही. मग म्हणाले की करंगळी वाचेल असं आज सांगता येणार नाही.

अण्णांनी करंगळीकडं पाहिलं. इतके दिवस ते फक्त कुरपाकडं बघत होते.

डॉक्टरांनी अण्णांचा बूट मागितला. कागदावर अण्णांचा पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली आणि त्या चित्रावर बूट ठेवला. करंगळीच्या बाजूनं चित्र बुटाबाहेर आलं होतं. हे कुणी घेतले, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, मीच.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा बिनसाखरेचा मागितला, एक घोट घेतला आणि कप माझ्याकडं सरकवला. मग सांगितलं. बूट पोरीनं आणले होते. एकुलती एक लेक, सांगलीत नोकरीला, सुटीला यायची. बापाचं पोट वाढतंय, रोज फिरायला जात जा, म्हणून तिनं बूट घेतले, आणि माप घेतलं त्यांच्या जुन्या चपलेवरून. त्या चपलेतून अण्णांची टाच मागं आणि करंगळी बाजूला बाहेर असायची, हे चपलेवरून कसं कळणार? आली की ती आधी बूट उलटा करून सोल झिजलाय का बघायची. झिजलेला दिसला की तिला बरं वाटायचं. म्हणून अण्णा ते रोज घालत होते.

मी म्हटलं, "अण्णा, पॉलिश पेपर होता की. सोल घासायचा, पाय कशाला घासलात?"

"आयला," अण्णा म्हणाले, "हे कुठं सुचलं?"

आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं होतं की करंगळीचं, मी विचारलं नाही. मला हे मात्र कळलं की सुचलं असतं तरी त्यांनी तसं केलं नसतं.

कळल्यावर पोरगी घाईनं आली तेव्हा मी तिथंच होतो. वैनींनी बूट खाटेखाली सरकवले होते, पण तिला दिसले. तिनं बूट हातात घेतला, त्याची बाजू दाबून पाहिली आणि बापाला विचारलं, "दादा, हे घट्ट होत होते?"

"न्हाई गं," अण्णा म्हणाले. "माझा पाय वाढला."

"या वयात?"

"ह्या वयात आनि काय वाढायचं?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बापाला उभं केलं आणि त्याच्या चांगल्या पायाभोवती पेन्सिल फिरवली. अण्णांना गुदगुल्या झाल्या, त्यांनी पाय मागं ओढला, रेघ वाकडी गेली. पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खूश झाले. गुदगुल्या होतात म्हणजे पायात अजून जीव आहे, म्हणाले.

जखम भरायला फार दिवस लागले. मधे एकदा करंगळी काळी पडू लागली होती, तेव्हा गल्लीत कुणीच विनोद केला नाही. पण वाचली. नंतर रुंद सँडल आले, आणि डॉक्टरांना विचारून मी मऊ फोमची चकती कापून दिली, मधे भोक पाडलेली, म्हणजे त्या जागेवर भार पडत नाही. अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे की मास्तरांनी पायात मेदूवडा घातलाय.

रात्री दुकान बंद करताना मला त्यांच्या घरात दिवा दिसायचा. वैनी खाली बसलेल्या, अण्णांचा पाय मांडीवर घेतलेला, आणि मोबाइलच्या उजेडात तळवा इंच इंच तपासत असायच्या. ज्या पायाला देवाच्या खोलीची वाट बंद केली होती तो. अण्णा छताकडं बघत म्हणायचे, "बघून घे, आज काय नवीन छापून आलंय का."

पुढं पोरीनं दोघांना सांगलीला नेलं. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. अण्णा गेले ते या थंडीत, झोपेतच, हृदयानं. पायाचा त्यात काही हात नव्हता. मी भेटायला गेलो तेव्हा वैनी तेवढंच म्हणाल्या, "हातीपायी धड गेले, मास्तर."

त्याच्या आधी एकदाच भेट झाली होती. मी अस्तराचं कापड आणायला सांगलीला गेलो होतो, तर ते बाजारातून माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत आले. वाटेत दोनदा थांबून माझी वाट बघितली. माझं गाठोडं जड होतं. मी गाडीत चढलो, त्यांनी खिडकीवर थाप मारली, आणि परत फिरले. मी काचेतून बघत राहिलो. गर्दीत टोप्या बऱ्याच होत्या. मी सवयीनं टाच आधी टेकवणारा माणूस शोधत होतो, आणि तसा कुणीच दिसत नव्हता.