नातवाच्या कपाळावरचं पाणी

कोल्हापुरात आवाज तसा कुणाचाच लहान नसतो. पण देवाशीसुद्धा पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा धर्मपिता निघाला. धर्मपिता म्हणजे कॅथलिक घरात बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांशेजारी उभा राहून जो बाळाच्या वतीने सैतानाला नाकारतो, आणि पुढे जन्मभर या लेकराच्या श्रद्धेकडे लक्ष देईन असं कबूल करतो तो. बहुतेक धर्मपिते हातातली मेणबत्ती विझली की हे सगळं विसरतात. नाताळला एखादा फ्रॉक पाठवला की सुटले. आमचे विसरले नाहीत. "सैतानाला नाकारता का?" असं फादरांनी विचारल्यावर ते "नाकारतो!" म्हणून असे काही गरजले, की मी जी रडायला लागले ती घरी येईपर्यंत थांबले नाही, असं आई सांगायची. फादरांनी हे तीनदा विचारायचं असतं, हे तिचं त्यावरचं दुःख.

मी त्यांना अंकल म्हणत असे. मूळचे आजऱ्याकडचे, उद्यमनगरात त्यांचं पंपांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान होतं, आणि दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात बोलून बोलून घसा असा तयार झालेला की चर्चमध्ये त्यांनी प्रार्थना सुरू केली की ऑर्गन वाजवणारी बाई पेटी बंद करून हात मांडीवर ठेवून बसायची. खानावळीत ताट समोर आलं की ते उभे राहत, डोळे मिटत आणि "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने" असं सगळ्या टेबलांना ऐकू जाईल इतपत म्हणत कपाळापासून छातीपर्यंत आणि या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत अशी ऐसपैस क्रूसाची खूण करत, की शेजारच्याने आपला सोलकढीचा पेला आधीच उचलून धरलेला बरा. एकदा वाढप्या काळजीने म्हणाला, "पावणं, कुटं दुकतंय काय?" अंकल म्हणाले, "दुकत न्हाय. दुकू ने म्हणून!" आणि उभ्याउभ्याच त्याला त्रैक्य समजावायला लागले. आम्ही पोरं टेबलाखाली वाकून नसलेल्या चपला शोधत होतो.

त्रैक्य हा त्यांचा खास विषय. देव एक, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती. मोठमोठ्या पंडितांनी ज्यापुढे हात टेकले ते कोडं अंकलनी दुपारच्या जेवणात सोडवलं होतं. "हे बघ, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. तीन वाट्या. चव येगळी, रंग येगळा. पर बोकड किती? एक! झालं की मग!" हा दृष्टांत त्यांनी एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात दिला. आमचे फादर वसईकडचे, शांत स्वभावाचे. ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, याला पाखंड म्हणतात." अंकलना वाटलं, आपलं कौतुक झालं. पुढे कितीतरी दिवस ते उद्यमनगरात "फादर मला काय म्हणाले म्हाईत हाय?" म्हणून अभिमानाने सांगत हिंडत होते.

पण मला खरी लाज आणली ती माझ्या बाप्तिस्म्याच्या वाढदिवसाने. जन्मदिवस कुत्र्यामांजराचाही असतो, बाप्तिस्म्याचा दिवस खरा, असं त्यांचं मत. आमच्याकडे बाप्तिस्म्याला स्नानसंस्कार असाही शब्द आहे, आणि अंकल तो सोप्या मराठीत सांगत. मी बारावीत असताना ते स्कूटरवरून पेढे घेऊन कॉलेजच्या फाटकात आले आणि घोळक्यात मला पाहून लांबूनच ओरडले, "घ्या रं पेढे! आज हिच्या आंगुळीला सतरा वर्षं झाली!" मग मागून एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, "तवापास्नं परत न्हाय केली व्हय?" ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. मी पेढ्याचा पुडा घेतला, मान खाली घातली आणि तशीच चालत राहिले. अंकल मागून "सगळ्यास्नी दे गं!" म्हणत होते.

त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत पान्यांच्या जोडीला पाण्याची एक लहान बाटली कायम असे. माणूस मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, पाणी आणि तिघांचं नाव एवढंच लागतं, हे त्यांनी फार मनावर घेतलं होतं. इतक्या वर्षांत त्या बाटलीने वडापच्या जीपमध्ये बसलेल्या एका पैलवानाची उचकी तेवढी थांबवली.

त्यांची एकुलती लेक रिटा माझ्याहून थोडी मोठी. तिने नव्वदच्या दशकाच्या शेवटी नेसरीच्या एका लिंगायत मुलाशी नोंदणी लग्न केलं. शिवानंद त्याचं नाव, घरचं कापडाचं दुकान. दोन्ही घरांनी आधी रीतसर अबोला धरला आणि मग कंटाळून सोडला. शिवानंदने सासऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मामा, उद्या लेकरू झालं तर त्याचं काय करायचं ते मी आन् रिटा ठरवू. आम्हाला न विचारता काही करू नका." अंकलनी त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला. इतक्या जोरात मारला की जावई नंतर बराच वेळ हात चोळत होता.

नातू झाला तो सातव्या महिन्यातच. नेसरीहून रिटाला घाईने कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं होतं. बाळ तळहाताएवढं, काचेच्या पेटीत ठेवलेलं. डॉक्टर म्हणाले, आज काही सांगता येत नाही. रिटा पलीकडच्या खोलीत पडून होती, शिवानंद औषधं आणायला धावत होता. एकेका नातेवाइकाला हिरवा अंगरखा घालून आत सोडत. अंकल आत गेले. मी बाहेर बाकावर बसले होते. ते परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं ओली होती आणि चेहरा अगदी अनोळखी दिसत होता. बाटली दुकानातच राहिली होती. तिथल्याच नळाचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं होतं. "केलं मी," ते म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कुणाला बोलू नगंस."

बाळ जगलं. महिन्याभराने अंगावर मांस धरून नेसरीला गेलं. आणि अंकल मात्र वाळायला लागले. खानावळीत जाणं बंद झालं, दृष्टांत बंद झाले. शेवटी त्यांनी फादरांपुढे गुडघे टेकले. फादर काय म्हणाले ते अंकलनीच मला सांगितलं. "बाप्तिस्मा झाला, तो आता पुसता येत नाही. पण अहो, देवसुद्धा एकटा राहत नाही, तिघं मिळून असतो. आणि तुम्ही त्या तिघांचं नाव घेऊन एवढं मोठं काम एकट्याने, चोरून उरकलंत? जा, लेकीला सांगा."

एकट्याने जायचा धीर होईना म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. एसटीत बसताना ते क्रूसाची खूण करतील म्हणून मी सवयीने आधीच खिडकीबाहेर बघायला लागले, पण त्यांनी केलीच नाही. नेसरीत घराच्या पुढच्या सोप्यात सगळे बसले होते. शिवानंदची आई, जिला सगळे अव्वा म्हणत, नातवाला पायांवर घेऊन तेल लावत होती. चहा आला, गार झाला. अंकल पिकपाण्याचं विचारत राहिले, आणि मग मध्येच कपबशीकडे बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

शिवानंद उठून उभा राहिला. "मामा, तुमी शब्द दिलता." एवढंच बोलला आणि दुकानात निघून गेला. अव्वाचा तेलाचा हात थांबला होता. ती म्हणाली, "पोरगं जगलं. कुनाच्या पाण्यानं जगलं ते कोन सांगनार? पर चोरून कशाला केलंसा? द्येव काय चोरीचा माल हाय?"

पण अंकलना खरं मोडलं ते रिटाने. ती रडली नाही, ओरडली नाही. "पप्पा, तो जाणार असं तुम्हाला वाटलं होतं ना? म्हणून केलंत ना? मग मला का नाही सांगितलं? मी भिंतीपलीकडेच होते. तो जाणार होता तर मला त्याच्याजवळ न्यायचं होतं. तुम्ही त्याचा निरोप घेऊन आलात आणि मला म्हणालात, झोप."

परतीच्या एसटीत अंकलनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. मी शेजारी बसले होते. इतकी वर्षं मला त्यांची लाज वाटत आली होती. त्यांनाच लाज वाटलेली बघणं त्याहून अवघड गेलं.

पुढची दोन वर्षं रिटा नाताळला आली नाही. मुलाचं काय करायचं तेही त्या दोघांनी ठरवलं नाही. तो गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग घालून वाढला आणि मे महिन्यात आजोळी आला की आईबरोबर रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही बसू लागला. अंकल त्याला काहीच शिकवत नसत. त्याला स्कूटरवर पुढे उभं करून रंकाळ्यावर न्यायचं आणि भेळ खाऊन परत आणायचं, एवढंच.

अशाच एका मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. मुलगा अंगणात पाइपने झाडांना पाणी घालता घालता स्वतःच भिजत होता. रिटा पायरीवर बसून भाजी निवडत होती, अंकल खुर्चीत. मग वर न बघता रिटाने विचारलं, "पप्पा, त्या दिवशी पाणी पडल्यावर तो रडला का हो?"

अंकलनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "न्हाय गं," ते म्हणाले. "रडला न्हाय. कपाळावर आठी घातली जरा. आन् मूठ उघडली. यवढुशी. परत मिटली."

तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पण कुणी उठलं नाही.

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापास्नं."